डोंगऱ्यांचे पाय

लखनऊजवळच्या मलिहाबादच्या बागेत नीलम डोंगरे तोंडावर पडली, तेव्हा दशहरी आंब्यांची तोड ऐन भरात होती. दोन झाडांच्या मधून पाण्याचा पाट गेला होता. त्याचा काठ वीतभर उंच, एखादं लहान मूलही सहज ओलांडून गेलं असतं. नीलमनं उजवा पाय उचलला. म्हणजे उचलला असं तिला वाटलं. पण पाऊल खालीच लोंबत राहिलं आणि काठाला अडकलं. हातातली नमुन्यांची पेटी उडाली, काचेच्या बाटल्या फुटल्या आणि सकाळपासून गोळा केलेले तुडतुडे मातीत मिसळले.

जीपचा ड्रायव्हर धावत आला. "मॅडम, चक्कर आ गया क्या?"

"हाँ भैया, धूप लग गई," नीलम हनुवटी पुसत म्हणाली.

चक्कर आलीच नव्हती. पण ऊन लागणं हे कुणालाही पटेल असं कारण होतं. पाय आपलं ऐकत नाही, हे कुणाला आणि कसं सांगायचं?

नीलम चौतीस वर्षांची होती. फळझाडांवरच्या किडींवर काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ती तांत्रिक सहायक होती. बागाबागांतून हिंडायचं, फांद्यांना टांगलेले फळमाशीचे सापळे तपासायचे, तुडतुडे नि पिठ्या ढेकूण पकडून प्रयोगशाळेत पोचते करायचे. परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी होती आणि आवडीचीही. सुरुवातीला ती बागेत सगळ्यांच्या पुढे असायची. मग कधीतरी चालता चालता चप्पल पायातून निसटून मागे राहू लागली आणि तिला त्याचा पत्ताही लागेना. मागून कुणीतरी हाक मारायचं, "दीदी, चप्पल!" पावलं दिवसभर बधिर असायची आणि संध्याकाळी त्याच बधिर पावलांत निखारे ठेवल्यासारखी आग व्हायची. कुर्त्याची बटणं लावताना बोटं थकायची. कुलपात किल्ली फिरवायला दोन्ही हात लागायचे.

तिनं बटणांचे कुर्ते घालणं सोडलं. पट्ट्यांच्या सँडल घेतल्या. जिन्यात ती नेहमी कठड्याच्या बाजूनं जायची, तेही मोबाईल बघत बघत, म्हणजे सावकाश का चढतेय असं कुणी विचारू नये. एका डॉक्टरनं जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, दुसऱ्यानं पाठीचा एक्सरे काढला, तिसरा म्हणाला, टेन्शन घेऊ नका, लग्न करा. त्यानंतर ती डॉक्टरकडे गेलीच नाही. कुणी विचारलं तर हसून सांगायची, "मी आहेच धांदरट."

दुसऱ्या दिवशी अवस्थीसाहेबांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण बागेतलं काम टाळण्यासाठी जूनमध्ये पोट दुखणारे, कंबर धरणारे कर्मचारी त्यांनी जन्मभर पाहिले होते.

"नीलम जी, हर सीज़न में आपको कुछ न कुछ हो जाता है," ते म्हणाले. "कभी धूप, कभी मोच. बाकी लोग भी तो जाते हैं."

संध्याकाळी तिच्या टेबलावर मेमो आला. क्षेत्रकार्यात वारंवार कसूर का होते याचा लेखी खुलासा करावा. तोंडी निरोपही आला, की असंच चाललं तर नेपाळच्या सीमेकडच्या तराईतल्या केंद्रावर बदली होईल. तिथं तर बागांखेरीज दुसरं कामच नव्हतं.

खुलाशात काय लिहायचं हे विचारायला ती आस्थापना विभागात शबाना रिज़वीकडे गेली. शबाना तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठी, नियमांची पक्की आणि बोलायला सडेतोड. तिनं मेमो वाचला, बाजूला ठेवला आणि नीलमच्या हाताकडे बघत राहिली. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांसल उंचवटा असतो, तिथं नीलमच्या हाताला खळगा पडला होता.

"यह धूप नहीं है," शबाना म्हणाली. "नसों के डॉक्टर को दिखाया?"

"दिखाऊँ और वो लिख दें कि चल नहीं सकती, तो? नौकरी गई."

"किसने कहा तुमसे?"

कुणीच म्हटलं नव्हतं. नीलमनं ते स्वतःच ठरवून टाकलं होतं. लपवलं तर नोकरी टिकेल, उघडं पडलं तर जाईल. शबानानं कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि तिला समोर बसवून समजावलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, असा कायदा आहे. आहे ते काम झेपत नसेल तर झेपेल असं दुसरं द्यायचं, पगार आणि दर्जा तोच ठेवून. पण त्यासाठी मेडिकल बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर निदान चाळीस टक्के तरी अपंगत्व लिहिलेलं असावं लागतं.

"जवाब के लिए मैं वक़्त माँग लेती हूँ," शबाना म्हणाली. "तुम डॉक्टर के पास जाओ. और अकेली मत जाना."

एकटी जायचा प्रश्नच नव्हता. लखनऊच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात कुणाचीही कुठलीही गोष्ट एकट्याची राहत नसे. आई, द्रौपदी, म्हणाली मी येणार. वडील, बाबूराव, म्हणाले मी घरी बसून काय करू. आणि धाकटी बहीण पिंकी, कोचिंग क्लासात गणित शिकवणारी, तिनं त्या दिवशीचे क्लास दुसऱ्यावर टाकले. पिंकीला मराठी सगळी कळायची, पण उत्तर ती हिंदीतच द्यायची. "ऐसे कौन जाता है हॉस्पिटल, पूरी बारात लेकर?" असं म्हणत तिनंच गाडी बोलावली.

मोठ्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टर निगम पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी नीलमला सँडल काढायला सांगितल्या आणि तिची पावलं बराच वेळ न्याहाळली. तळव्याची कमान उंच, बोटं आत वाकलेली, पोटऱ्या खालच्या अंगाला बारीक. रबरी हातोडीनं गुडघ्यावर मारलं. पाय हलला नाही. "एड़ी पर चलिए," त्या म्हणाल्या. नीलमनं टाचांवर उभं राहायचा प्रयत्न केला आणि टेबल धरलं. मग एका खोलीत नेऊन नसांची तपासणी झाली. हातापायांना विजेचे बारीक झटके द्यायचे आणि नसांमधून ती वीज किती वेगानं धावते ते मशिनवर बघायचं. झटके नकोसे होते, पण नीलमच्या मनात आलं, निदान इथं कुणी टेन्शन घेऊ नका म्हणत नाहीये.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांनी विचारलं, "घर में और किसी के पैर ऐसे हैं?"

बाबूराव खिडकीकडे बघू लागले.

शेवटी द्रौपदीबाईंनीच तोंड उघडलं. त्यांची हिंदी चाळीस वर्षं लखनऊत काढूनही भंडाऱ्याचीच होती. "डॉक्टर मॅडम, डोंगरे लोगों के पाँव ऐसेच रहते. इनके माँ के भी ऐसेच थे. हमारे यहाँ उसको कोई बीमारी नहीं बोलता."

"बाबूजी," डॉक्टर म्हणाल्या, "ज़रा जूते उतारेंगे?"

बाबूरावांनी कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. भर उन्हाळ्यातही ते मोजे आणि बूट घालत. डॉक्टरांनी खाली वाकून त्यांचं पाऊल हातात घेतलं. नीलमच्या पावलाशेजारी ते ठेवलं, तर एकाच साच्यातून काढल्यासारखं दिसलं. फक्त त्यावर सत्तर वर्षांच्या सुरकुत्या होत्या.

"कब से गिरते हैं आप?"

"होंगे तीस-पैंतीस बरस," बाबूराव म्हणाले. "अब तो आदत है."

"और लोग इनको शराबी बोलते थे," द्रौपदीबाई एकदम म्हणाल्या.

"अगं, कशाला आता ते," बाबूराव पुटपुटले. पण द्रौपदीबाई थांबल्या नाहीत. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारणारं माणूस समोर होतं.

बाबूराव भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळच्या खेड्यातून लखनऊला आले ते एका सरकारी कार्यालयात दफ्तरी म्हणून. फायलींचे गठ्ठे या मजल्यावरून त्या मजल्यावर न्यायचं काम. ऐन तारुण्यातच त्यांची चाल बिघडली. पाय उंच उचलायचा आणि फरशीवर चापटीसारखा टाकायचा, वळताना झोक जायचा, भिंत धरावी लागायची. कुणीतरी तक्रार केली, की डोंगरे पिऊन येतो. एका अधिकाऱ्यानं सगळ्यांच्या देखत त्यांना जवळ बोलावून तोंडाचा वास घेतला. वास आला नाही, तेव्हा तो म्हणाला, आज नसेल घेतली. ज्या माणसानं रोज सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून पंचशील म्हणायचं, दारूपासून दूर राहीन हे पाचवं शील मोठ्यानं म्हणायचं, त्यानं घरून निघून ऑफिसात जायचं ते हे ऐकायला. पुढं त्यांना तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. विहाराच्या समितीतही कुजबुज पोचली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, पण बाबूरावांनी आपणहून सचिवपद सोडलं आणि कार्यक्रमांना मागच्या सतरंजीवर बसायला लागले.

नीलमला यातलं थोडं माहीत होतं. शाळेत असताना एका मुलीनं तिला विचारलं होतं, तेरे पापा पीते हैं न? पण तोंडाचा वास घेतल्याचं ती आज पहिल्यांदा ऐकत होती. पिंकी दाराशी उभी राहून मोबाईलवर काहीतरी बघत असल्यासारखं करत होती. मोबाईलचा पडदा बंद होता.

डॉक्टर निगम ऐकून घेऊन म्हणाल्या, "बाबूजी, यह नस की बीमारी है. ख़ानदानी. आपको माँ से मिली, बेटी को आपसे. पैर की नसें धीरे-धीरे कमज़ोर होती हैं, तो चाल ऐसी हो जाती है जैसे पिए हुए आदमी की. बीमारी का नाम है शार्को-मारी-टूथ."

"टूथ?" द्रौपदीबाई गोंधळल्या. नीलमकडे वळून त्यांनी मराठीत विचारलं, "दाताचा काय संबंध गं?"

डॉक्टरांना एवढं कळलं. त्या हसल्या. "तीन डॉक्टरों के नाम हैं, अम्मा. दाँत से कुछ लेना-देना नहीं."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. हा आजार बरा करणारं औषध नाही. पण यानं जीव जात नाही. व्यायाम करायचा, पावलाला आधार देणारे पट्टे वापरायचे, पायाला जखम झाली का ते रोज बघायचं. पिंकीलाही त्यांनी खुर्चीत बसवलं आणि गुडघ्यावर हातोडी मारली. पिंकीचा पाय असा उसळला की टेबलावरचा पेनांचा डबा लवंडला. तिचीही नसांची तपासणी करून घेतली, ती अगदी चांगली निघाली.

बाबूराव मोजे चढवत होते. एक मोजा घालून झाल्यावर ते थांबले. "मतलब मैडम, इसमें मेरी कोई ग़लती नहीं थी?"

"बिल्कुल नहीं."

बाहेर येऊन ते बाकावर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी समोरून वाहत होती. त्यांनी बायकोला विचारलं, "ऐकलंस ना?"

"मला ऐकायची गरज नव्हती," द्रौपदीबाई म्हणाल्या. "पण बरं झालं, तुम्ही ऐकलं."

नीलम त्यांच्या शेजारी बसली. बाबूराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यामुळं आलं हे तुझ्याकडं."

"बाबा, तुम्ही आज बूट काढले नसते ना, तर मला अजून वर्षभर इंजेक्शनंच टोचली असती."

"वो तो है," पिंकी म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा आणायला गेली.

प्रमाणपत्रासाठीचा अर्ज पिंकीनंच मोबाईलवरून भरला. आधार, फोटो, रिपोर्ट. सही करायची वेळ आली तेव्हा नीलमची सही तीनदा तीन तऱ्हांची झाली. "चालेल," बाबूराव म्हणाले, "तिन्ही तुझ्याच आहेत." काही आठवड्यांनी जिल्हा रुग्णालयात बोर्डापुढे यायचा निरोप मोबाईलवर आला.

पहिली खेप वाया गेली. नीलम आणि पिंकी सकाळपासून व्हरांड्यात बसल्या. आजूबाजूला कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, आईच्या मांडीवर मान टाकून पडलेली मोठी मुलं. त्यांच्यात नीलमला आपण चोरून आत शिरल्यासारखं वाटत होतं. आत गेल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी तिला दारापासून टेबलापर्यंत चालत येताना पाहिलं आणि कागद पुढे ओढला.

"चल तो रही हैं आप."

"सर, नसों की बीमारी है. रिपोर्ट..."

"हड्डी में कुछ नहीं है. नस वाले डॉक्टर आज नहीं बैठते. अगली बार बुलाया जाएगा, तब आइए."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, बाहेर रांगच तेवढी होती. पण "चल तो रही हैं" हे शब्द नीलमच्या कानात घरापर्यंत वाजत राहिले. घरी येऊन ती म्हणाली, "मी नाही जाणार परत. तिथं खरोखरचे अपंग बसलेले असतात. मला बघून त्यांना वाटत असेल, ही कशाला आली."

"तुला काय वाटतं ते सांग," द्रौपदीबाई म्हणाल्या. "त्यांना काय वाटतं ते त्यांचं ते बघतील."

नीलम पावलांना तेल लावत बसली.

पुढच्या खेपेला बाबूरावांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, की मी येतो. नीलमनं नको म्हटलं, जिना आहे म्हटलं. ते कपडे करून सकाळी दाराशी तयार होते.

या वेळी टेबलामागं तिघं बसले होते. मागचे हाडांचे डॉक्टर, एक बाई डॉक्टर आणि नसांचे तरुण डॉक्टर. बाबूराव दारापाशी उभे राहिले. नसांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "ज़रा चलकर दिखाइए. वहाँ दीवार तक."

नीलम चालली. इतक्या वर्षांत तिनं चालण्याची एक कला साधली होती. कंबरेतून पाय उचलायचा, पाऊल आवाज न करता टेकवायचं, पुढची जागा डोळ्यांनी आधीच हेरून ठेवायची. वरिष्ठांसमोर, परीक्षेत, लग्नाला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ती अशीच चालायची. भिंतीपर्यंत ती अशी गेली की पाहणाऱ्याला वाटावं, बाई जरा दमलेली आहे, बस.

हाडांच्या डॉक्टरांनी काहीतरी लिहायला घेतलं.

"नीलू," दारातून आवाज आला. "लपवू नकोस."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबूराव चौकटीला धरून उभे होते. "साहेब, माफ़ कीजिए," ते डॉक्टरांना म्हणाले, आणि पुन्हा मुलीकडे वळले. "मीही जन्मभर असंच करत आलो, बेटा. लोकांसमोर नीट चालायचं आणि घरी येऊन कोसळायचं. इथं नको करू. घरी चालतेस तशी चाल."

नीलमला रडू आल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी अंगातून काहीतरी सैल सुटल्यासारखं. तिनं सँडल काढल्या. भिंतीपासून ती परत निघाली ती कसलीही काळजी न घेता. पावलं चापट मारल्यासारखी फरशीवर पडू लागली, फटाक, फटाक. वळताना झोक गेला. टाचांवर उभं राहा म्हटल्यावर तिनं कशाला धरलं नाही आणि ती सरळ मागे गेली. बाई डॉक्टरांनी उठून तिला सावरलं. मग त्यांनी तिला एक बटण लावायला दिलं. ते लागेना. हाताची पकड मोजायच्या यंत्राचा काटा जेमतेम हलला. तिला डोळे मिटायला लावून पायाच्या बोटाला टाचणी टोचली, तर नीलम म्हणाली, "चुभाया क्या?"

नसांच्या डॉक्टरांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मघाशी लिहिलेलं खोडून ते नवीन लिहू लागले. "पिछली बार आपने ऐसे चलकर क्यों नहीं दिखाया?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"आदत नहीं थी, सर," नीलम म्हणाली.

"चालीस से काफ़ी ऊपर है," तरुण डॉक्टर म्हणाले. "स्थायी लिख रहे हैं. बार-बार नहीं आना पड़ेगा."

बाहेर पिंकी धावत आली. "क्या हुआ?"

"झालं," नीलम म्हणाली आणि हसायला लागली. हसू थांबेना. आपण अपंग आहोत असं तीन डॉक्टरांनी लिहून दिलं आणि आपल्याला एवढा आनंद कसला होतोय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. पिंकी म्हणाली, "दीदी, फ़ेल होकर पास होने वाली तुम पहली हो." यावर बाबूरावही हसले. व्हरांड्यात कुबड्या घेऊन बसलेल्या एका बाईनं विचारलं, बन गया? नीलमनं मान डोलावली, तेव्हा ती बाई म्हणाली, "मुबारक हो." नीलमला तो शब्द त्या जागी मुळीच विचित्र वाटला नाही. ती तिच्या शेजारी बसली आणि दोघी आपापल्या बोर्डाच्या खेपांबद्दल बोलत राहिल्या, पिंकी गाडी आली म्हणून ओरडेपर्यंत.

प्रमाणपत्रावर पंचावन्न टक्के लिहून आलं. शबानानं त्याला अर्ज जोडला, नियमाचा क्रमांक लाल शाईनं अधोरेखित केला आणि नीलमला घेऊन स्वतः अवस्थीसाहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नीलम जी, आपने पहले क्यों नहीं बताया?"

"मुझे ख़ुद नहीं पता था, सर. और जितना पता था, उससे डरती थी."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "मुझे लगा आप..." ते म्हणाले आणि त्यांनी वाक्य तसंच सोडलं. मग मेमोची प्रत मागवून त्यावर "रद्द" असं लिहून खाली सही केली. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत कीड ओळखणाऱ्या माणसाची जागा रिकामी होती. बागांतून येणारे नमुने मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि कुठली कीड आहे ते सांगायचं. "वहाँ आपसे बेहतर कौन होगा," साहेब म्हणाले. हे त्यांनी उपकार केल्यासारखं म्हटलं नाही, म्हणून नीलमला बरं वाटलं.

बागा सुटल्याचं वाईट वाटलंच. आंब्याच्या मोहराचा वास अंगाला घेऊन जीपमधून परत येणं आता नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात तिनं एका बाटलीत असा तुडतुडा ओळखला जो त्या भागात सहसा दिसत नाही, आणि अवस्थीसाहेब तो बघायला खाली आले. संध्याकाळी घरी पोचल्यावर पायांत निखारे असायचे, पण आधीपेक्षा कमी. पावलांना आधार देणारे प्लास्टिकचे पट्टे आले. त्यांत पाऊल लोंबत नसे. त्यांच्यासाठी एक नंबर मोठे बूट घ्यायला सगळे घराजवळच्या कपूरथला बाजारात गेले आणि द्रौपदीबाईंनी दुकानदाराला अर्धं दुकान खाली काढायला लावलं.

बाबूराव मात्र स्वतःसाठी अर्ज करायला तयार नव्हते. "सत्तरीत कसलं प्रमाणपत्र? आता मला कोण नोकरीवरून काढतंय?" पिंकीनं सांगितलं, की रेल्वेत सवलत मिळते, बरोबरच्या माणसालाही मिळते. तरी ते नाहीच म्हणाले. पण नंतर कुणाला न सांगता त्यांनी कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून अर्ज भरला, आणि बोर्डाचा निरोप आला त्या सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून द्रौपदीबाईंना म्हणाले, "चल, जाऊन येऊ." दुपारी नीलमच्या मोबाईलवर आईचा फोन आला, की झालं, आणि यांनी तिथं कुणी न विचारताच भिंतीपर्यंत चालून दाखवलं.

भंडाऱ्याला जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. स्टेशनचे पूल, डब्याच्या पायऱ्या, लोकांच्या नजरा, सगळंच नकोसं वाटायचं. आता पिंकीनं नागपूरपर्यंतची तिकिटं काढली, खालच्या बर्थची. ती मिळाली तशी बाबूरावांनी गावी धाकट्या भावाला फोन लावला. येतोय म्हणून सांगितलं, पाऊसपाण्याचं विचारलं. मग पुतण्याचं, सुगतचं, विचारलं. सुगत पोलीस भरतीची तयारी करत होता. भाऊ वैतागलेला होता. पोरगं धावण्यात दरवेळी मागे पडतं, म्हणाला, पडतं काय, वाटेत पाय अडकून आपटतं. अंगात आळस भरलाय नुसता. परवा चांगला झोडला त्याला.

बाबूराव खुर्चीत सरळ झाले.

"झोडू नको," ते म्हणाले. "ऐक माझं. त्याला मोजे काढायला सांग आणि त्याचे पाय बघ. तळवा उंच आहे का? बोटं वाकलेली आहेत का, आपल्या आईसारखी?"

पलीकडे भाऊ काहीतरी बोलत होता. नीलम चहाचा कप घेऊन दारात थांबली.

"आहेत ना तशीच," बाबूराव म्हणाले. "मग पोराला फोन दे. मी बोलतो त्याच्याशी."